जितके उत्तम, तितके कमी वापरा!

विद्यार्थी मित्रहो, आज एका कोड्याने सुरुवात करू. असा कोणता माल आहे, की जो जितका उत्तम असेल, तितका तो कमी विकला गेलेला बरा? ज्वारी उत्तम असली की ती अधिक खपते. सायकल मजबूत निघाली की त्या कारखान्याकडे गिऱ्हाइकांची रीघ लागते. मग उत्तम असूनही कमी विकावा असा माल कोणता?

त्याचे उत्तर आहे नवे प्रतिजैविक, म्हणजे रोगजंतूंचा नाश करणारे औषध. जुनी औषधे ज्या जंतूंपुढे हरली, त्यांना जे मारू शकते असे औषध हाती आले, तर शहाणा डॉक्टर ते लगेच सर्वांना देत सुटत नाही. अगदी गरज पडेल तेव्हाच ते बाहेर काढतो. या एका गोष्टीमुळे नव्या औषधांचे सारे गणित इतर मालापेक्षा उलटे होते. हे उलटे गणित नीट समजून न घेतल्यामुळे आज जगात जंतूंवरील नवी औषधे फार थोडी तयार होत आहेत. ती हवी असतील तर त्यांचा खर्च बाजारावर सोडून चालणार नाही. तो समाजाने उचलला पाहिजे आणि ती राखलीही समाजानेच पाहिजेत, असे माझे मत आहे. ते का, हे आज तुमच्यापुढे मांडतो.

“तुम्ही तर भौतिकशास्त्र शिकवता, मग औषधांवर कसे लिहिता?” असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. परंतु या विषयातला अर्धा भाग साध्या गुणाकाराचा आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात भौतिकशास्त्राचा वाटा बराच मोठा आहे. तो कसा, ते पुढे येईलच.

कपाशीच्या शेतातला धडा

आमच्या नांदुरा-खामगाव-मलकापूर भागातल्या मुलांना जंतूंचा प्रतिकार समजावून सांगायला प्रयोगशाळेत जावे लागत नाही. कपाशीचे शेत पुरते.

२००२ साली आपल्या देशात बीटी कपाशीला परवानगी मिळाली. जमिनीत सापडणाऱ्या ‘बॅसिलस थुरिंजिएन्सिस’ नावाच्या जिवाणूचा एक जनुक या कपाशीत घातलेला असतो. त्यामुळे झाडातच असे प्रथिन तयार होते, की जे खाल्ले की बोंडअळी मरते. २००६ पासून दोन जनुकांचे वाण आले. आरंभीची काही वर्षे बोंडअळीचा त्रास खूप कमी झाला. पुढे काय झाले, ते तुमच्या वडिलांना किंवा काकांना विचारा. २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात गुलाबी बोंडअळीने हाहाकार केला. बीटीच्याच बोंडात अळी सुखाने नांदत होती!

असे का बरे व्हावे? अळीने काही शाळेत जाऊन नवी विद्या शिकली नव्हती. लाखो अळ्यांत एखाददुसरी अशी जन्मते, की जिच्यावर त्या प्रथिनाचा परिणाम होत नाही. इतर सगळ्या मेल्या, ती तेवढी उरली. तिला खायला सारे शेत मोकळे मिळाले, आणि तिचीच पिलावळ वाढली. हे टळावे म्हणून बियाण्याच्या पाकिटासोबत साध्या, म्हणजे नॉन-बीटी बियाण्याची एक पुडी दिली जात असे. ती शेताच्या कडेने पेरायची. तिथे साध्या अळ्या जगतील, त्यांचे पतंग प्रतिकारक पतंगांशी संयोग पावतील आणि प्रतिकाराचा गुण पसरायला वेळ लागेल, असा त्यामागचा विचार होता. पण कितीतरी शेतकऱ्यांनी ती पुडी पेरलीच नाही. आपल्या शेतातल्या चार ओळी अळीला कशाला द्यायच्या, असे प्रत्येकाला वाटले. ज्याच्या त्याच्या दृष्टीने ते बरोबरही होते. तोटा मात्र सगळ्यांचा झाला.

अळीच्या जागी जिवाणू ठेवा आणि कपाशीच्या जागी माणसाचे शरीर. प्रतिजैविकांची कथा तंतोतंत हीच आहे.

तीस वेळा दुप्पट

आता थोडे गणित करू. आपल्या आतड्यात राहणारा ‘ई. कोलाय’ नावाचा जिवाणू अनुकूल परिस्थितीत सुमारे २० मिनिटांत एकाचे दोन होतो. म्हणजे तासात तीन वेळा दुप्पट, आणि दहा तासांत तीस वेळा. दोनाचा तिसावा घात काढा. उत्तर १०७ कोटींहून अधिक येते! रात्री झोपताना एक होता, सकाळी उठेपर्यंत त्याचा भारताच्या लोकसंख्येशी तुलना करावी एवढा पसारा झाला. (अर्थात अन्न आणि जागा पुरली तर.)

प्रत्येक वेळी दुप्पट होताना जिवाणू आपल्या जनुकांची नक्कल करतो. नक्कल करताना तुमच्याप्रमाणे त्याच्याही चुका होतात. समजा, दहा कोटींत एखादीच चूक अशी होते, की ज्यामुळे एखाद्या औषधाचा परिणाम होईनासा होतो. दहा कोटींत एक म्हणजे नगण्य असे आपल्याला वाटते. पण १०७ कोटींत असे दहा निघाले! औषधाने बाकीचे सगळे मारले, तर हे दहा जण मोकळ्या रानात वाढायला तयारच आहेत.

यावर एक सुंदर उपाय आहे, आणि तोही गुणाकाराचाच. क्षयाच्या जंतूत आयसोनायझिड या औषधाला न जुमानणारा जंतू साधारण दहा लाखांत एक असतो, तर रिफाम्पिसिनला न जुमानणारा सुमारे दहा कोटींत एक. दोन्ही औषधे एकाच वेळी दिली, तर दोहोंना पुरून उरणारा जंतू किती दुर्मिळ असेल? दोन्ही संख्यांचा गुणाकार करा. एकावर चौदा शून्ये! रुग्णाच्या फुप्फुसातल्या एखाद्या पोकळीत १०० कोटींपर्यंत, म्हणजे एकावर नऊ शून्ये इतके जंतू असू शकतात. तेव्हा असा एकही जंतू न सापडण्याचीच शक्यता अधिक. क्षयावर एकदम तीन-चार औषधे देतात, ती या कारणासाठी.

विषाणूंच्या बाबतीतही हाच न्याय लागू पडतो. एचआयव्हीचा विषाणू नक्कल करण्यात फारच गबाळा, म्हणून त्यावरही तीन औषधे एकत्र द्यावी लागतात. २००१ साली मुंबईच्या ‘सिप्ला’ कंपनीने अशी तीन औषधे एका गोळीत आणली आणि वर्षाला ३५० डॉलर, म्हणजे दिवसाला एका डॉलरपेक्षाही कमी दराने ती गरीब देशांना देऊ केली. पाश्चात्य कंपन्यांच्या औषधांना त्या वेळी वर्षाला दहा हजार डॉलर किंवा त्याहून अधिक पडत. औषध शोधून काढणे आणि ते गरिबाच्या हाती पोचवणे ही दोन निरनिराळी कामे आहेत, आणि दोन्ही सारखीच महत्त्वाची आहेत.

चोराचे कुलूप, आपली किल्ली

आता नवे औषध तयार कसे होते, ते पाहू. जंतूला मारणे मुळीच अवघड नाही. उकळते पाणी, फिनेल, आम्ल, काहीही चालते. अवघड आहे ते जंतूला मारून माणसाला जिवंत ठेवणे! म्हणून जंतूपाशी आहे, पण आपल्या पेशीत नाही, अशी एखादी जागा शोधावी लागते. जिवाणूच्या भोवती एक भिंत असते, आपल्या पेशींना ती नसते. पेनिसिलिन ती भिंत बांधूच देत नाही. जिवाणूच्या पेशीत प्रथिने घडवणारा ‘रायबोसोम’ नावाचा कारखाना असतो. तो आपल्यातही असतो, पण त्याची घडण थोडी वेगळी असते. तेवढ्या फरकावर नेम धरून पुष्कळ औषधे बनली आहेत. विषाणू मात्र महाधूर्त! त्याला ना भिंत, ना स्वतःचा कारखाना. तो आपल्याच पेशीतला कारखाना वापरतो. त्यामुळे नेम धरायला जागा फार थोड्या मिळतात आणि विषाणूंवरची औषधे शोधणे अधिक कठीण जाते. जिवाणूंवरची प्रतिजैविके सर्दीला का चालत नाहीत, हेही तुमच्या ध्यानात आले असेल. सर्दी विषाणूंमुळे होते, आणि विषाणूला भिंतच नाही, तर ती पाडणार काय?

नेम धरायचा तर ती जागा आधी दिसली पाहिजे. इथे भौतिकशास्त्र मदतीला येते. एखाद्या पदार्थाच्या स्फटिकावर क्ष-किरण पाडले, की त्यांच्या विखुरण्यावरून आतले अणू कसे रचलेले आहेत ते गणिताने काढता येते. १९४५ साली डोरोथी हॉजकिन यांनी याच रीतीने पेनिसिलिनच्या रेणूची रचना उलगडली. रायबोसोमची रचना उलगडल्याबद्दल २००९ साली नोबेल पारितोषिक मिळालेल्या तिघांपैकी एक वेंकटरामन रामकृष्णन. त्यांनी भौतिकशास्त्राची पदवी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून घेतली होती. तेव्हा, “भौतिकशास्त्र घेतले म्हणजे जीवसृष्टीशी संबंध संपला,” असे कोणी म्हणाले तर मुळीच ऐकू नका!

अलीकडचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलेच आहे. छत्रपती संभाजीनगर येथे ज्या कंपनीचे संशोधन केंद्र आहे, त्या ‘वोक्हार्ट’ने ‘नॅफिथ्रोमायसिन’ नावाचे औषध तयार केले. ते जिवाणूच्या रायबोसोमला दोन ठिकाणी चिकटते. जिवाणूमुळे होणाऱ्या न्यूमोनियावर ते दिवसातून एकदा, असे तीनच दिवस द्यायचे असते. ‘बायरॅक’ या केंद्र सरकारच्या संस्थेचे त्याला साह्य होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये ते जाहीर करण्यात आले, तेव्हा त्यामागे सुमारे १४ वर्षांचे संशोधन आणि ५०० कोटी रुपयांचा खर्च असल्याचे सांगितले गेले.

१४ वर्षे कशाला लागतात? आधी शेकडो रेणू तयार करून पाहायचे. त्यांतला एखादा कामाचा निघाला, तर प्राण्यांवर चाचणी. मग थोड्या निरोगी माणसांवर, मग काही रुग्णांवर, शेवटी शेकडो रुग्णांवर. प्रत्येक पायरीवर बहुतेक रेणू गळून पडतात. या कामात घाई करून चालत नाही, कारण चाचणीत झालेल्या चुकीची किंमत माणसाला मोजावी लागते.

पिंपरीची माती

प्रतिजैविके शोधणे हे केवळ खासगी कंपन्यांचेच काम आहे, असे मात्र समजू नका. स्वातंत्र्यानंतर लवकरच, १९५४ साली, पुण्याजवळ पिंपरी येथे जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साह्याने ‘हिंदुस्तान अँटिबायोटिक्स’ हा सरकारी कारखाना उभा राहिला. १९५५ पासून तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. पेनिसिलिन बनवून ते थांबले असते, तरी मोठे काम झाले असते. पण त्यांनी कारखान्यासोबत संशोधनशाळाही चालवली.

प्रतिजैविके पुष्कळदा मातीतल्या सूक्ष्मजीवांपासून मिळतात. पहिल्या पावसानंतर मातीचा जो सुगंध येतो, तो ज्या जिवाणूंमुळे येतो, त्या ‘स्ट्रेप्टोमायसिस’ कुळातूनच १९४३ साली क्षयावरचे स्ट्रेप्टोमायसिन मिळाले होते. पिंपरीच्या शाळेत एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांचे सहकारी अशाच जिवाणूंच्या मागे लागले. १९६० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी ‘हॅमायसिन’ हे बुरशीच्या रोगांवरचे औषध जगापुढे आणले. औषधाच्या नावातला ‘हॅ’ हा हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा, आणि ज्या जिवाणूपासून ते मिळते, त्याचे नाव ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’! एका मराठी गावाचे नाव अशा रीतीने सूक्ष्मजीवशास्त्राच्या ग्रंथांत कायमचे जाऊन बसले.

पुढे हा कारखाना तोट्यात गेला. स्वस्त आयात पेनिसिलिनपुढे त्याचा टिकाव लागेना, आणि १९९० च्या दशकात त्याची गणना आजारी उद्योगांत झाली. “पाहा, सरकारी कारभार असाच!” असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य मुळीच नाही, असे मी म्हणत नाही. पण मग खासगी कंपन्यांची गत काय झाली, तेही पाहू या. अमेरिकेत ‘अकायोजेन’ नावाच्या कंपनीने अनेक वर्षे खपून ‘प्लाझोमायसिन’ हे नवे प्रतिजैविक तयार केले. जून २०१८ मध्ये त्याला सरकारी मान्यता मिळाली. आणि एप्रिल २०१९ मध्ये, म्हणजे वर्षही पुरे होण्याआधी, कंपनीचे दिवाळे निघाले! औषध वाईट होते म्हणून नव्हे. ते राखून वापरायचे असल्यामुळे पुरेसे खपले नाही म्हणून.

जागल्याचे धान्य

याचे गणित तुम्हीच करून पाहा. रक्तदाबाच्या रुग्णाला गोळी रोज घ्यावी लागते. २० वर्षांत ७,३०० गोळ्या झाल्या. न्यूमोनियाचा रुग्ण नवे औषध तीन दिवस घेतो आणि बरा होतो. दोन्ही औषधे शोधायला सारखाच खर्च आला, तर कंपनी कोणत्या औषधाच्या मागे लागेल? यात कंपनीला दोष देण्यात अर्थ नाही. आपण तिला मोबदला देण्याची रीतच चुकीची आहे.

आपल्या खेड्यांत पूर्वी जागल्या असे. तो रात्री गावात गस्त घाली. त्याला गाव वर्षाचे धान्य देई. चोर किती पकडले, यावर त्याचे धान्य ठरत नसे. तसे ठरले असते, तर चोर आले नाहीत त्या वर्षी जागल्या उपाशी मेला असता, आणि पुढल्या वर्षी गाव लुटले गेले असते. नव्या प्रतिजैविकांना आज आपण चोर मोजून धान्य देत आहोत.

ही रीत बदलता येते. २०२२ साली इंग्लंडच्या आरोग्यसेवेने दोन प्रतिजैविकांसाठी नवी पद्धत सुरू केली. औषध किती खपले हे न पाहता, प्रत्येक औषधामागे वर्षाला एक कोटी पौंडांपर्यंत ठरावीक रक्कम कंपनीला द्यायची. औषध हवे तेव्हा हजर असले पाहिजे, एवढीच अट. जागल्याला धान्य देण्याचाच हा प्रकार नव्हे काय? भारतानेही असा विचार करावा असे मला वाटते. शिवाय पिंपरीसारख्या सार्वजनिक संशोधनशाळांना आणि विद्यापीठांना या कामासाठी दीर्घ मुदतीचा पैसा मिळावा, आणि त्यांचे यश विक्रीच्या आकड्यांवर मोजले जाऊ नये. आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराच्या क्षारयुक्त पाण्यात वाढणाऱ्या जिवाणूंचा अभ्यास संशोधकांनी केलेलाच आहे. असे काम नेटाने आणि वर्षानुवर्षे चालले पाहिजे. एका परीक्षेच्या निकालासारखे ते मार्चमध्ये मागता येत नाही.

राखणे म्हणजे कोंडून ठेवणे नव्हे

इथे एक आक्षेप येतो, आणि तो गंभीर आहे. “तुम्ही औषधे राखा म्हणता. पण खेड्यातल्या गरिबाच्या मुलाला साधे औषधही वेळेवर मिळत नाही, त्याचे काय?” हे खरे आहे. प्रतिजैविक नको तिथे दिल्याने जसे नुकसान होते, तसे हवे तिथे न मिळाल्यानेही माणसे मरतात. तेव्हा राखणे याचा अर्थ कपाटात कोंडणे असा नव्हे. ज्याला गरज आहे त्याला नक्की मिळावे, आणि ज्याला नाही त्याला मिळू नये, असा त्याचा अर्थ आहे.

हे जमते का? जमते. बेडाक्विलिन हे क्षयावरचे अगदी नव्या प्रकारचे औषध २०१२ च्या अखेरीस अमेरिकेत मान्य झाले. जवळजवळ चाळीस वर्षांनी असे औषध आले होते. भारतात ते २०१६ पासून सरकारी क्षय कार्यक्रमातून, प्रथम मोजक्या केंद्रांत आणि मग सर्वत्र, रुग्णांना मोफत देण्यात येऊ लागले. सरसकट दुकानात ठेवून ते विकले गेले नाही. २०१९ साली भारत सरकारने आणखी एक चांगले पाऊल उचलले. कोलिस्टिन हे माणसाच्या जिवावर बेतले असता वापरायचे औषध कोंबड्या लवकर वाढाव्यात म्हणून खाद्यात घातले जाई. त्यावर बंदी आली.

हे सारे का करायचे? २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. आणि प्रश्न फक्त साथीच्या रोगांचा नाही. अपेंडिक्सची शस्त्रक्रिया, बाळंतपणातली शस्त्रक्रिया, मोडलेल्या पायात बसवलेली सळई, कर्करोगाचे उपचार, यांतले प्रत्येक काम डॉक्टर निर्धास्तपणे करतात, कारण जंतू आत शिरला तर त्याला मारायला औषध आहे हे त्यांना ठाऊक असते. ते औषध निरुपयोगी झाले, तर निष्णात शल्यविशारदाचाही हात थबकेल. पेनिसिलिनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ सालीच, नोबेल पारितोषिक स्वीकारताना, कमी मात्रेत औषध घेतल्याने जंतू निगरगट्ट होतील, असा इशारा दिला होता.

मित्रहो, “शास्त्रज्ञ काढतील की नवे औषध,” असे बोलणारे तुम्हाला भेटतील. त्यांना हे गणित समजावून सांगा. औषध शोधायला चौदा वर्षे, आणि जंतूला तीस वेळा दुप्पट व्हायला दहा तास! ही शर्यत केवळ नवनवी औषधे शोधून जिंकता येणार नाही. शोधही हवा आणि राखणही हवी.

घरातल्या औषधांच्या पाकिटांवर कुठे उभी लाल रेघ आहे का, ते पाहा. ती असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही, हे घरी सांगा. सर्दी झाली म्हणून उरलेल्या गोळ्या शोधू नका. डॉक्टरांनी दिलेले औषध त्यांनी सांगितले तितके दिवस घ्या, मनाने सोडू नका आणि शेजाऱ्याला देऊ नका. शिक्षकांना माझी विनंती आहे, की घातांक शिकवताना दोनाचा तिसावा घात फळ्यावर जरूर करून दाखवावा. मुले तो विसरणार नाहीत.

आणि तुमच्यापैकी ज्यांना गणित, रसायन, भौतिकशास्त्र किंवा मातीत हात घालणे आवडते, त्यांच्यासाठी या क्षेत्रात भरपूर काम शिल्लक आहे. काम सावकाशीचे आहे आणि त्यात अपयश वारंवार येते. परंतु तुम्ही शोधलेले औषध एखाद्या दवाखान्याच्या कपाटात दहा वर्षे नुसते पडून राहिले आणि अकराव्या वर्षी त्याने एक जीव वाचवला, तर ती दहा वर्षे वाया गेली असे कोण म्हणेल?